खाली गाडीचं वजन

सावद्याहून रावेरकडे निघालं की डाव्या हाताला,
पेट्रोल पंपानंतर, जमिनीत एक लोखंडी पाट आहे,
ट्रक मावेल एवढा.
शेजारच्या खोलीत मी बसते.
लाल आकडे थरथरतात, थांबतात,
मी पावती फाडते.

भरलेली गाडी एकदा.
खाली गाडी एकदा.
मग वजाबाकी.
नवे ड्रायव्हर कुरकुरतात: ताई, खालीचं कशाला,
ती तर खालीच आहे.
मी म्हणते, घे मागे, चाकं नीट ठेव पाटावर.
खालीचं कळल्याशिवाय
केळी किती होती
ते देवालासुद्धा सांगता यायचं नाही.

उरल्या वेळात मी कोश करते.
म्हणजे शब्दकोश, आपल्याकडच्या बोलण्याचा.
हसू नका, हसून झालंय सगळ्यांचं.
जळगावच्या एका साहेबांनी चष्म्यावरून विचारलं, शिक्षण?
बी.ए. दुसरं वर्ष, म्हटलं. अर्धं.
चहा मात्र त्यांनी पूर्ण पाजला.

बाद पावत्यांच्या पाठीवर एकेक शब्द.
हुसेन तडवीनं पालच्या जंगलातली झाडं दिली, अकरा;
त्यातली तीन मी अजून पाहिलेली नाहीत.
पारोळ्याचा कापूसवाला उतरता उतरता बोलून गेला, बठ्ठं.
म्हणजे सगळं. पण सगळ्यापेक्षा गच्च,
पायानं दाबून दाबून पोतं शिवावं तसं.
क वर तीन वर्षं अडकलेय.
केळीच संपत नाही.
कांदेबाग झाली, कमळ झालं
(तळ्यातलं नव्हे, घडाच्या टोकाला लोंबतं ते),
तोवर कुणीतरी खिडकीतून नवा टाकतोच.

सुरुवात आईपासून.
तिच्या अंगावरून वारं गेलं
आणि शब्द एकेक करून घराबाहेर पडले:
आधी भाच्यांची नावं, मग भांड्यांची,
मग माझं.
शेवटी एकच राहिला, तिच्या माहेरच्या अहिराणीतला.
आते.
आत्ता.
पाणी हवं तर आते. कूस बदलायची तर आते.
दिवा घालव, आते.
काही नको असलं तरी, भिंतीकडे बघत, आते.

चार वर्षं.
परीक्षा राहिली. यशवंत सुरतेला लूमवर गेला
तो तिकडचाच झाला.
त्याचेही चार शब्द आहेत कोशात,
दोन शिव्या धरून. अस्सल आहेत, वगळून कसं चालेल?
मावशी अजून म्हणते, तुझी ती वर्षं मातीत गेली गं.
मी काही बोलत नाही.
शब्द जाताना कसा जातो ते मी उशापाशी बसून पाहिलंय,
म्हणून येताना ओळखते,
डिझेलच्या वासातसुद्धा.

मे महिन्यात पाट एवढा तापतो
की कुत्रं ओलांडत नाही.
काल संध्याकाळी, सातपुडा निळा पडत असताना,
चपलेसकट मीच चढले वर,
पावत्यांचं गाठोडं काखेत.
साठ.
गाठोडं पायरीवर ठेवून पुन्हा चढले.
साठ.
काटा दहा-दहा किलोनं मोजतो,
त्याचा काही दोष नाही.

गार वारं केळीची पानं फाडत आलं.
बरं वाटत होतं तिथे उभं राहून,
आई, यशवंत, अर्धी बी.ए., न पाहिलेली तीन झाडं,
कुणालाच वजा न करता.
मागून दिल्लीच्या गाडीचा हॉर्न.
ड्रायव्हर डोकं बाहेर काढून ओरडला,
ताई, खाली! खाली!

उतरले. त्याची पावती फाडली,
मग एक बाद पावती उलटी केली.
खाली: रिकामी. खाली: उतर.
तिसरा अर्थ निघेल म्हणून जागा सोडली.

क तसाच उघडा आहे.
ख सुरू केलाय.