एकशे एकवीस

मी जनरेटरवाला. माझं काम डिझेल ओतायचं
आन् गाणं बंद पडू द्यायचं नाही.
जिंतूर, सेलू, बोरी, चारठाणा,
सतरा वर्षं त्याच्या पिकअपच्या मागं माझी गाडी,
म्हणजे चांदपाशाचं सगळं करिअर मी पाठीमागून ऐकलं.
नुसता ठोका ऐकला.
स्पीकरच्या मागं सूर पोचत नाही.

त्याच्या घरी पिंजाऱ्याचं काम.
अब्बा कमान टांगून बसायचे,
तातीवर मोगरी: टुंग. टुंग. टुंग.
जुन्या गादीतला दबलेला कापूस उठून बसायचा,
अब्बाच्या भुवया बारा महिने पांढऱ्या.
एक दिवस पोरानं मोबाईल धरला तातीजवळ,
"अब्बा, फिरसे मारो. वैसाच मारो."
घड्याळ लावून मोजलं.
मिनिटाला एकशे एकवीस.
अब्बानं कव्हा मोजलं नव्हतं,
ते पैसे किलोवर घ्यायचे.

ह्याला हाऊस म्हणत्यात, तो म्हणला.
मी विचारलं, कुणाचं?
चार ठोके सारखे, म्हणला,
कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही,
आन् त्यात हळूहळू एकेक आवाज आत येतो,
चपला काढून.

वरातीत कोण येऊ देतंय?
नवरदेवाच्या मामाला मामाचीच गाणी पाहिजेत.
तो द्यायचा. रातभर द्यायचा.
फक्त दहाला पाच कमी असताना,
पोलिसांची गाडी वळणावर दिसायच्या आधी,
आपलं लावायचा.
पोरं शिव्या द्यायची, बायका पाणी प्यायला जायच्या.
एकदा बोरीत एक म्हातारा, फेटा सुटलेला,
तेवढंच नाचला, एकटा, पाय न उचलता.
"ह्याला कळालं," चांदपाशा म्हणला.
त्या रातीचं डिझेल मी हिशोबात धरलं नाही.

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत.
एक केस, परभणीच्या कोर्टात सात तारखा,
दोन बेस जप्त, ठाण्याच्या आवारात उंदरांनी कोन खाल्ले.
फोमच्या गाद्या आल्या.
कमान खुंटीवर गेली
आन् अब्बाचा श्वास डॉक्टर मोजू लागले, मिनिटाला.

मग फ्रान्स.
मार्सेय म्हणून गाव, तिथली कुणी सोलेन बाई,
तिनं कुठं ऐकलं, कुणास ठाऊक.
यंत्रानं मराठी केलेला तिचा निरोप आला:
"तुमची दोरी मला फार लागली.
आम्ही तुम्हाला दोनशे वेळा दाबू इच्छितो."
दोन दिवस आम्ही भिऊन होतो.
मग कळालं, रेकॉर्ड दाबून काढतात.

दसऱ्याला पार्सल. कस्टमचे अकराशे भरले.
काळी तबकडी, ताटाएवढी.
मागं त्यांच्या अक्षरात बारीक काहीतरी,
त्यावर चांदपाशानं बोट ठेवलं:
खाजामियाँ पिंजारी, कमान.
पोस्टमन म्हणला, वाजिवणार कशावर?
सगळ्या जिंतुरात तसलं यंत्र नाही.
एका हेडमास्तराकडं होतं, सुनेनं भंगारात घातलं.
लाखाचे स्पीकर दारात उभे
आन् आम्ही तबकडीकडं बघू लालोत.

अब्बाच म्हणले, सुईच लागते ना?
उशाखालून दाभण काढलं, गाद्या शिवायचं.
लग्नपत्रिकेचा कोन, टोकात दाभण,
पाटावर खिळा, खिळ्यावर तबकडी,
बोटानं फिरवायला मी.
हळू झालं की रडायची, जोरात झालं की चिवचिवायची.
"जनरेटर, सारखं फिरव," अब्बा म्हणले.
सतरा वर्षांत पहिल्यांदा
कुणी मला समोरच्या बाजूला बसवलं होतं.

आन् कागदातून, डासाएवढं,
टुंग.
अब्बानं मान हलवली नाही.
हात उचलला, मोगरी नसलेला,
आन् पुढच्या टुंगच्या जरा आधी थांबवला.

तिसऱ्यांदा लावली तव्हा दाभणानं रेषा खरवडल्या.
नुसतं खर्र खर्र.
चांदपाशा काही बोलला नाही.
पाटावर काळा भुसा पडला होता,
अब्बानं तो चिमटीत घेतला,
दुसऱ्या हातावर ठेवला,
वजन करावं तसा.