दुधी पिळायचा नाही

गाजर किसलं, दुधी किसला,
पेराला किसणी लागली, तेवढं चालतं.
मग सवयीनं चिमूटभर मीठ उचललं
आणि निलोफर मुजावर ओट्यापलीकडून ओरडली,
"अगं थांब की! कोशिंबीर करालीस काय?
दुधी पिळायचा नाही.
त्याचं पाणी त्याच्यातच राहू दे."

मी हात तसाच धरून उभी.
लग्न झाल्यापासून पिळतच आले की.
काकडी पिळली, मुळा पिळला,
जावेनं एक टोक धरलं, मी एक, सोलापुरी चादरी पिळल्या,
पगाराचं पाकीट पिळलं दर महिन्याच्या पंचवीस तारखेला.
पाणी काढलं की जिन्नस टिकतो,
एवढंच मला कुणीतरी शिकवलेलं.

हे दारात उभे. आत येईनात.
उद्यमनगरात एकतीस वर्षं ओतकाम केलेला माणूस,
भट्टीचा एकच कायदा पाठ:
ओलं आत जाता कामा नये.
एकदा भंगाराच्या पाटीतून
भिजका नटबोल्ट गेला आत, करंगळीएवढा,
आणि लोखंड उसळलं ते पत्र्यापर्यंत.
डाव्या हातावर अजून ती जागा आहे,
गुळगुळीत, बिनकेसांची.
उन्हाळ्यात तिथं घाम येत नाही.

ट्रे मात्र त्यांचाच.
बाजारातला पत्र्याचा बघून म्हणाले,
"ह्यो काय साचा हाय?"
शिरोलीला पिराजी खाड्याकडं गेले,
ॲल्युमिनियमचा ओतून आणला, बारा वाट्यांचा,
उचलायला दोन हात लागतात.
अकरा वाट्या लख्ख.
बाराव्या वाटीच्या तळाला एक खड्डा, डाळीच्या दाण्याएवढा.
"वाळूत ओल ऱ्हायली पिराजीच्या," म्हणाले,
आणि दोन दिवस त्याचंच दुःख करत बसले.

गूळ मात्र कोल्हापुरात कुणाकडून शिकायचा नसतो.
ढेपेच्या पोटातला घेतला, विळीवर चिरला.
दालचिनी, जायफळ, सुंठ निलोफरची,
चार मिरी ठेचून घातली ती माझी.
हात कांदा-लसूण चटणीच्या बरणीकडंही गेला होता,
खोटं कशाला बोलू.
दही, तेल, कणीक, सोडा.
सगळं कालवलं तर चिखलच दिसला,
आणि मला वाटलं, फसलं.

लेकीनं दिलेला ओव्हन
दोन वर्षं टॉवेलखाली बसलेला. आज लावला.
काचेतून पिवळा उजेड.
"भाऊजी, या की आत," निलोफर म्हणाली.
"न्हाई. हितनं दिसतंय."
एक हात मेन स्विचवर.

दहा मिनिटं.
पंधरा.
काही उसळलं नाही.
वाट्यांतून हळूहळू डोकी वर आली,
एकाला तडा गेला, त्यातून वाफ,
जायफळाचा वास जिन्यानं खाली उतरला
आणि खालच्या शिंत्र्यांचं पोरगं वर आलं.

निलोफरनं विणायची सुई खुपसली, बाहेर काढली.
सुई ओलसर, पण पीठ चिकटलेलं नाही.
"ह्यातला फरक सांगता येत नाही," ती म्हणाली.
"रंगावरनं कळतंय,"
दारातून आवाज आला.
"झालंय. काढा."
आणि पाहिलं तर स्विचवरचा हात खाली,
ते ओट्याजवळ.

अकरा सुटले, उलटे केले की टपटप.
बारावा अर्धा आला, अर्धा तळाशी खड्ड्याला धरून बसला.
पोरानं दोन खाल्ले. निलोफरनं चार डब्यात घेतले.
ह्यांनी चमचा घेऊन तो तुटका खरवडला,
उभ्या उभ्याच खाल्ला.
चांगलं म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत.
चमच्याची मागची बाजूही चाटली.

तिसऱ्या दिवशी डबा उघडला
तर झाकणाला आतून घाम, आणि दाबलं की मऊ.
पिळलं नव्हतं तरी टिकलं होतं.

आता दर गुरुवारी कपिलतीर्थावरून कोवळा दुधी येतो,
तेच आणतात, नख लावून बघून.
दारात उभे राहतात अजून, पण खुर्ची घेऊन.
आणि ट्रे घासताना
त्या खड्ड्यात दुधीचा एक तंतू अडकलेला असतोच.
टाचणीनं काढावा लागतो.
पिराजी म्हणाला होता, आणा, भरून देतो.
हे म्हणाले, असू दे.