दहापैकी

डॉक्टर विचारतात, दहापैकी किती?
मी सात म्हणते.
नऊ म्हटलं की चेहऱ्यावर जो संशय उमटतो
तो मला पाठ आहे,
आणि पाच म्हटलं तर पुढचा नंबर पुकारतात.

ओटीपोटात, अगदी खाली,
कुणीतरी निखारा ठेवून विसरून गेलंय.
लघवी स्वच्छ. सोनोग्राफी स्वच्छ.
दुर्बीण घालून पाहिलं, तिथेही
"तसं विशेष काही नाही, मिसेस तांडेल."
मिस, मी म्हटलं.
एवढीच दुरुस्ती जमली.

माझ्या मुंबईचा नकाशा ठिपक्यांचा आहे.
फोर्टात चार, एकाला कायम कुलूप, एकाची कडी तुटलेली.
प्रभादेवीला पेट्रोल पंपावर एक,
किल्ली मागावी लागते, देणारा हसतो.
ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत
मी किलोमीटर मोजत नाही.
तेवीस मिनिटं. फार तर पंचवीस.

पहिल्या गोळीने जिभेचं लाकूड केलं.
दुसरीने इतकी झोप आणली
की कोर्टात साक्ष टिपताना
खुनाची खूण झाली,
न्यायाधीश चष्म्यावरून बघत राहिले.
तिसरी पिवळी होती, दिसायला गोड.
तासाभरात मान लाल, ओठ सुजलेले,
आणि खाली निखाऱ्यावर कुणी फुंकर घातली.
"या गोळीने असं होत नाही."
चौथे म्हणाले, लग्न करून टाका.

आय सुकट विकते, वरळीला, दारातच,
माझ्या जन्माच्या आधीपासून.
भिंतीच्या पोपड्यांनाही तोच वास.
तिच्या हातचं खाल्लं की रात्र जागून काढते मी,
हे कळायला एकतिसावं वर्ष उजाडलं.
वहीत लिहायला लागले तेव्हा:
सोमवार, सुकट, नऊ.
गुरुवार, टोमॅटोचं सार, आठ.
शनिवार, दूधभात, चार.
वही मी कपाटात साड्यांखाली ठेवली.

परळच्या शिरालीबाई त्वचेच्या डॉक्टर,
मी गेले होते अंगावरच्या गांधींसाठी.
त्यांनी टोपण लावलेलं पेन घेतलं,
माझ्या हातावर रेघ ओढली
आणि म्हणाल्या, थांबा.
पंखा कुरकुरत होता.
रेघ आधी लाल झाली, मग वर आली,
दोऱ्याने टाचल्यासारखी.
लघुलिपीतली एक जाड रेघ.
चौदा वर्षं मी दुसऱ्यांच्या साक्षी
अशाच रेघोट्यांत उतरवते.

"आणि लघवीला जळजळ?"
मी न सांगता त्यांनी विचारलं.
मी रडले, थोडी, फाइलवर.
मास्ट पेशी म्हणजे पहारेकरी, त्या सांगत होत्या,
तुमचे चोर नसतानाही शिट्ट्या फुंकतात,
कातडीत, आतड्यात, तिथे खालीही.
खात्री नाही, पण करून बघू.

प्रिन्सेस स्ट्रीटच्या एका जिन्याखाली
तय्यबअली चाचा कॅप्सूल भरतात.
रंग नको, साखर नको, मक्याचं पीठ नको,
मी यादी वाचत गेले.
पुडी हातावर ठेवत म्हणाले,
"इसमें दवाई के सिवा कुछ नहीं, बेटी."

पहिला आठवडा काही नाही.
तिसरा, काही नाही, वर पैसे संपत आलेले.
सहाव्या आठवड्यात एका बुधवारी
उलटतपासणी लांबत चालली होती,
साक्षीदार त्याच प्रश्नाला तिसऱ्यांदा अडखळला,
आणि मी घड्याळाकडे पाहिलं.
एक तास चाळीस मिनिटं.
दाराकडे मी एकदाही बघितलं नव्हतं.
बोटं लिहीत राहिली. काय लिहिलं
ते मला रात्री वाचून कळलं.

शुक्रवारी पुन्हा दुखलं.
ते दुखणारच आहे.

आय विचारते, "गुण आला का गो?"
तिच्या बोलण्यात औषधालाही गुण येतात, परीक्षेसारखे.
चार, मी म्हटलं.
शाळेत चारला नापास करायचे.
ती मात्र खूश झाली,
आणि सुकटीची टोपली
पायाने उंबऱ्याबाहेर सरकवत म्हणाली,
"सोमवारपासून मी बाहेरच बसते."

सोमवार.
वही तर साड्यांखाली होती.