खोली ३०४ मधला माहितीचा कागद

मालक म्हणाले, एका पानात बसवा,
पाहुण्याला वाचायला सवड नसते.
मी एसटीच्या चौकशी खिडकीत सव्वीस वर्षं काढलेला माणूस.
डोक्यावरच्या पाटीत जे लिहिलेलं असतं
नेमकं तेच लोक खाली वाकून विचारतात,
हे मला नव्यानं शिकायचं नव्हतं.
तरी लिहिलं.

गरम पाणी सकाळी सहा ते नऊ.
पहिली अर्धी बादली गारच येईल,
ओतून देऊ नये, बाल्कनीतल्या कोरफडीला घालावी.
गॅसचं बटण दाबून फिरवावं.
मोठ्या कुकरचा घसा बसला आहे,
तो शिट्टी देत नाही, उसासे टाकतो.
चार उसाशांत भात.

वायफायचा पासवर्ड मालकांच्या नातीचं नाव आणि जन्मसाल.
ती बंगळुरात असते, पासवर्ड विश्रामबागेत.

हळदीच्या सौद्याच्या दिवसांत मार्केट यार्डातून आलात
तर कपडे वेगळे भिजवा.
टॉवेलवरच्या पिवळ्या डागाचे पैसे आम्ही लावत नाही.
भडंग कुठलंही घ्या,
फक्त लसूण जळकट नाही ना, हे चाखून.

पावसाळ्यात कुणी 'किती फूट?' म्हणालं
तर तो आयर्विन पुलाखालच्या पाण्याचा विषय.
चाळीसला ऐकून घ्यायचं, पंचेचाळीसला बॅग भरायची.
आपली इमारत उंचावर आहे.
मी तरी भरतो.

मिरजेला शेअर रिक्षा कोपऱ्यावर मिळेल.
नुसतं 'दवाखाना' म्हणू नका, तिथं गल्लीगणिक दवाखाने.
फाईलवरचं नाव दाखवा.

इथं पान संपलं होतं.

मग जमखंडीहून नीलव्वा आल्या,
एक पिशवी, एक पितळी डबा,
नवरा मिरजेत काचेच्या आत.
कागद त्यांनी माझ्याकडून वाचून घेतला,
दोनदा, कानडी वळणानं मान हलवत.
मग विचारलं, "अण्णा, रात्री दोनला फोन आला तर
रिक्षा कुठली?"

सव्वीस वर्षांत खिडकीतून मी
शेवटच्या गाडीनंतरचं कधी सांगितलं नव्हतं.
खिडकी बंद व्हायची.

पेनानं खाली माझा नंबर लिहिला.
फोन एकदाच आला, पावणेतीनला.
स्कूटरवर त्या मागं बसल्या, डबा दोघांच्या मध्ये,
सांगली-मिरज रस्त्यावर एवढा मोकळेपणा
मी दिवसा कधी पाहिला नव्हता.
वाटेत त्या काहीच बोलल्या नाहीत.
मीही फलाट क्रमांक सांगितल्यासारखं
एवढंच म्हणालो, "आलं, डावीकडं."

एक्केचाळीस दिवस राहिल्या.
शेवटचे दोन दिवस नवराही होता:
मडिवाळप्पा, साखर कारखान्यातला रिटायर्ड फिटर,
दंडावर सुयांचे निळे डाग.
जिन्यात दोनदा बसून वर चढले,
श्वास जागेवर आला तसा पहिला प्रश्न कुकरचा.
सेफ्टी पिन मागितली, व्हिनेगर मागितलं,
झाकण मांडीवर घेऊन तासभर कुरकुरत बसले,
आणि संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून
अशी शिट्टी आली
की खालचा वॉचमन गेट उघडायला धावला.

आता कागदावर 'चार उसासे' मी खोडलंय,
वर लिहिलंय: तीन शिट्ट्या.
मालकांना खाडाखोड आवडत नाही.
म्हणाले, पुन्हा टाइप करा, लॅमिनेट करून टाका,
आणि तो तुमचा नंबर कशाला खाली?
रिसेप्शनला फोन आहे की.

आहे.
तो रात्री अकराला ड्रॉवरमध्ये जातो.

लॅमिनेशनवाल्याकडं चाललोय उद्या, करून आणीन.
हाच कागद, असाच,
खोडलेल्या ओळीसकट.
प्लास्टिकच्या आत गेला
की मग कुणाला काही खोडता येणार नाही.

चेक-आउट अकरा वाजता.
कोरफडीला पाणी घातलंत तर खाली सांगून जा,
म्हणजे मी पुन्हा घालणार नाही.