नोंद नसलेली खोली

नऊ मतांनी ठराव पास झाला.
शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रिंगखाली बसून
मीच मोजली मतं, दोनदा,
कारण उर्हो लाम्पिनेन म्हणाला, पुन्हा मोज.

मिशिगनच्या पार उत्तरेला आमचं गाव.
घरपट्टी वाढणार, वर्षाला चौऱ्याऐंशी डॉलर;
त्यातून वाचनालयाचं गळकं छप्पर, पोहण्याचा तलाव,
आणि जमलंच तर तळ्याकडच्या रस्त्याला चार दिवे.

चौऱ्याऐंशी म्हणजे किती
ते उर्होने सभेत उभं राहून सांगितलं:
एक खेप सरपण. जानेवारीचे अकरा दिवस.
"पोहायला तळं आहे की फुकटचं."
"पाच महिने गोठलेलं," मागच्या रांगेतून वेर्ना केस्ती.
"मग घसरा."
हशा पिकला. नंतर कुणी कुणाकडे बघेना.

मी नगर कार्यालयात खिडकीमागे बसते, एकवीस वर्षं.
घरं मला माणसांसारखी ठाऊक:
कुणाचं मोल किती, कुणाचा हप्ता थकलाय,
कुणी नवरा गेल्यावर गॅरेज पाडून
कर कमी करून घेतला.

उर्होच्या घरामागे सौना आहे, वाफेच्या आंघोळीची खोली,
देवदाराच्या फळ्यांची, बापाने बांधलेली.
आमच्या वहीत ती नाही.
मोजणीला तीन अधिकारी आले, म्हातारे झाले, गेले;
तिघांनीही त्याच्याकडची कॉफी प्यायली
रस्त्याकडच्या खिडकीकडे तोंड करून.
दर शनिवारी धूर निघतो.
गावाला दिसतो. वहीला नाही.

मार्चमध्ये तो आला, बुटांवर बर्फ तसाच.
"लिही. मागे एक खोली आहे. बारा बाय दहा."
कर वाढेल, मी म्हटलं.
"तेवढी अक्कल आहे मला."
का, ते मी विचारलं नाही.
त्यानेच टोपी काढली, पुन्हा घातली.
"तलावाचं काम वाईट झालं तर मी बोंब मारणार.
तेव्हा कुणी माझ्या धुराकडे बोट दाखवायला नको."

मी लिहू लागले. बांधकामाचं वर्ष?
त्याला सांगता येईना.
फळीवर बोटं वाजवत बराच वेळ उभा राहिला,
मागे रांग होती, तरी.
मग म्हणाला, "आईने मला तिथेच जन्म दिला.
भिंतींना तेव्हा ताज्या लाकडाचा वास होता म्हणे.
माझ्याच वयाची लाव."

रकाना छोटा होता.
मी नुसता आकडा घातला.