वजा एक

रेडकरांना शुक्रवारपर्यंत तक्ता हवा होता:
कोण किती काम करतं.
मी एक लायब्ररी उतरवून घेतली, फुकटची,
आणि तिला आमच्या रिपॉझिटरीचा पत्ता दिला.

मरोळ, चौथा मजला. एसी गळतो, खाली बादली.
बादलीत थेंब, स्क्रीनवर नावं,
तारीख, वेळ, किती ओळी वाढल्या, किती गेल्या.
चार वर्षं सात मिनिटांत चाळून झाली.
माझाच एक विसरलेला संदेश सापडला,
रात्री दोन चाळीसचा:
"आता तरी चाल रे बाबा."

मग तन्वीर मुकादम.
मार्च. अकरा दिवस कोरे.
बाराव्या दिवशी अधिक शून्य, वजा एक.

ते अकरा दिवस मला ठाऊक आहेत.
कुर्ल्याच्या एका बाईंच्या वीजबिलाचे पैसे दोनदा कापले जायचे,
दर महिन्याला नाही, कधीतरीच,
आणि हा फोनवर विचारायचा,
मावशी, बटण दाबल्यावर नेमकं काय दिसलं?
कागदावर बाण काढायचा, खोडायचा.
डबा तसाच घरी न्यायचा.

खोडलेली ती ओळ माझी होती.
लायब्ररी तेही सांगते,
विचारलं तर.

तक्त्यात एक रकाना वाढवायला बसलो,
मथळा सुचेना.
बादली भरली होती, ओतून आलो.
पुन्हा चालवून पाहिलं.
या आठवड्यात सगळ्यांच्या वर मी:
अधिक चारशे बारा,
सगळ्या हे मोजायला लिहिलेल्या.