ळची पट्टी

माझ्या बेंजोला मध्यमाच्या जागी ळ आहे.

मूळचं बटण एकोणनव्वद साली गेलं,
पाजपंढरीत, धाकू चोगलेच्या हळदीत,
रात्री दोनला, नाचणाऱ्यांच्या पायांखाली.
सकाळी आम्ही दोघांनी चाळणी घेऊन वाळू चाळली.
सापडलं काय, तर कुणाचं तरी जोडवं
आणि कोलंबीची सालं.

पुढे मच्छीमार सोसायटीचा टाइपरायटर भंगारात निघाला.
हेडक्लार्क म्हणाला, घे एखादं अक्षर, कुठलं हवंय?
म मागणार होतो, साहजिकच.
पण म पार गुळगुळीत झालेला:
महोदय, मागणी, मुदतवाढ, मयत.
ळ थोडा पिवळा, पण धड.
मासळी, जाळं, गाळ, वादळ
एवढं लिहूनही धड.

दुसरं वाद्य म्हणाल तर क्लॅरिनेट,
दापोलीच्या एका बँडवाल्याकडून, हप्त्यांवर.
दात काढल्यापासून तिच्यातून नुसता वारा येतो.
तरी खोबरेल लावतो.
सुरंगा म्हणते, माझ्या गुडघ्याला लावा त्यापेक्षा.

कॅसेटी बिस्किटांच्या डब्यात.
हर्णैची हवा काही ठेवत नाही,
म्हणून डब्यात तळाला मूठभर तांदूळ.

एक हसनमियाँ बुरोंडकरनं बाहरीनहून आणलेली.
वरती एक टक्कल पडलेला माणूस
भोपळ्यासारखं काहीतरी छातीशी धरून.
नाव काय रे याचं, विचारलं,
तर म्हणाला, अक्षरं लागतात, अर्थ नाही लागत.
माझंही तेच.
बावीस वर्षं ऐकतोय, दर शुक्रवारी,
बी साइडला तो माणूस एका जागी अडखळतो
आणि अडखळलेलंच पुन्हा वाजवतो, मुद्दाम.
ते मला अजून जमलेलं नाही.

आणि ही दुसरी. हिच्यावर नाव नाही.
चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये रेडिओसमोर
टेपरेकॉर्डर ठेवून, श्वास धरून भरलेली.
सारंगी. कोण वाजवतंय ते
लाइट गेली त्यात निसटलं.
पण सातव्या मिनिटाला धाकूची होडी बंदरात शिरते
आणि तिचं इंजिन, देवाशप्पथ सांगतो,
बरोबर काळी दोनला लागतं.
सारंगी त्याच्यावर टेकते. तंबोऱ्यावर टेकावी तशी.
मग खिडकीतून धाकूच:
‘मास्तर, बांगडा हाय, टोपली पाठव!’

मी बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहायचो.
मास्तर मला तो एकटाच म्हणे.

परवा भाचा आला पुण्याहून.
कॅसेट घेऊन बसला दोन दिवस, कानाला मोठे हेडफोन,
मोबाइलमध्ये भरून दिली.
म्हणाला, मामा, सगळी घाण काढली.
ऐकली.
सारंगी अशी, जसं काचेतून बघावं.
इंजिन नाही. खिडकी नाही. बांगडा नाही.
छान झालंय रे, म्हटलं,
आणि त्याला सोलकढीचा दुसरा पेला दिला.

धाकू जाऊन आता अकरा वर्षं.
होडी त्याच्या पोरांनी विकली, जयगडला की कुठे.

मूळ फीत अजून आहे.
दोनदा तुटली, दोनदा नखपॉलिशनं जोडली,
त्या जोडावर सूर जरासा उडी मारतो
ओहोळ ओलांडल्यासारखा.
किती वेळा लावायची, याचा आता हिशेब ठेवतो.
एकतीस वर्षं दुसरं केलं काय मी?

रात्री लिलावाची गडबड ओसरली, गाड्या गेल्या,
की बर्फ कारखान्याच्या पायरीवर बसतो बेंजो घेऊन.
आत कंप्रेसर. नवा आहे, काळी दोनपेक्षा चढा.
मी तारा त्याला मिळवून घेतो.
मग व्होल्टेज पडतं, तो उतरतो,
मी पुन्हा खुंट्या पिळतो.
वॉचमन हसतो. त्याला वाटतं
मी अजून सुरूच केलेलं नाही.

सुवर्णदुर्गाकडे दोनचार दिवे हलताहेत.
ळ दाबतो.
जरा कचकच करतो,
वाळू असेल अजून आत.